उघडलें म्हणजे सुधारलें काय?

जुन्या वस्तूंवरील आमच्या लोकांचें प्रेम अलीकडे फार वाढलें आहे, आणि या प्रेमाचीच आम्हांला धास्ती वाटूं लागली आहे. पूर्वीं आजोबांची मोटारसायकल परसांत फाटक्या ताडपत्रीखालीं गंजत पडे. मुलें तिच्या बैठकीवर बसून तोंडानें फटफट करीत, आणि भंगारवाला दारावरून गेला म्हणजे घरांतील वडील माणसें तिच्याकडे एकवार पाहून घेत. आतां तिचे दिवस पालटले आहेत. नातवाला चांगली नोकरी लागते, हातांत चार पैसे खेळूं लागतात, आणि मग एके दिवशीं त्या गाडीची वरात एखाद्या दुरुस्तीच्या दुकानीं जाते. तिसऱ्या दिवशीं जाऊन पाहावें तों तिचें एंजिन जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर तुकड्यातुकड्यांनीं मांडलेलें असतें. "हिला झालें होतें काय?" असें विचारलें, तर उत्तर मिळतें, "तें आतां कळेल!" रोग्याच्या दुखण्याची चौकशी करण्यासाठीं आधीं त्याचें शवविच्छेदन करावें, अशांतलाच हा प्रकार आहे, आणि तो आतां रिवाज होऊन बसला आहे, म्हणून त्याविरुद्ध लेखणी उचलणें आम्हांस प्राप्त झालें.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत नट-बोल्टांची उठाठेव कशाला, असें कित्येक वाचक म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, पूर्वजांकडून हातीं आलेली वस्तु कशी हाताळावी, हा प्रश्न पोथीचा असो, देवळाचा असो कीं एंजिनाचा असो, मुळांत एकच आहे. ज्याला पोथी वाचतां येत नाहीं त्यानें ती शुद्ध करावयास बसूं नये, हें आपणां सर्वांस पटतें. एंजिनाच्या बाबतींत मात्र जो तो पाना घेऊन सरसावतो. आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल: जुन्या एंजिनाचा कोणताही भाग, तो काढण्याचें कारण आधीं ठरल्यावांचून, काढूं नये, आणि तें कारण जेथें संपेल तेथेंच पाना खालीं ठेवावा.

उदाहरणासाठीं आपल्याकडील सर्वांत परिचित जुनी गाडी घेऊं. बुलेट या नांवाची मोटारसायकल मूळची इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची. १९५५ सालीं मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, व प्रथम रेडिचहून आलेले भाग जोडून आणि पुढें ते येथेंच घडवून या गाड्या तयार होऊं लागल्या. रेडिच येथील काम १९६७ सालीं थांबलें. मद्रासेस मात्र तेंच बिडाच्या सिलिंडरचें एंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जवळजवळ त्याच आराखड्यानें निघत राहिलें. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ घनसेंटिमीटर. गीअरबॉक्स निराळा, एंजिनाच्या पाठीमागें बोल्टांनीं जखडलेला. आणि तेलाची टांकी वेगळी टांगलेली नसून एंजिनाच्या खालच्या पेटींतच, क्रँकच्या मागच्या बाजूस, केलेली. हा शेवटचा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण त्याच्या अज्ञानापायीं पुष्कळ एंजिनें विनाकारण उघडलीं जातात.

हें एंजिन चार-सहा आठवडे उभें राहिलें म्हणजे मागच्या कप्प्यांतील तेल पंपाच्या फटींतून हळूहळू झिरपून क्रँकच्या कप्प्यांत उतरतें. मग किक मारून गाडी सुरू केली कीं सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट निघतो. घरांतील मंडळी खोकत बाहेर येतात, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि मालकाच्या पोटांत धस्स होतें: "रिंगा गेल्या!" वास्तविक, तेल परत नेणाऱ्या पंपानें तें सांचलेलें तेल उपसून जागच्या जागीं नेलें, कीं थोड्या वेळानें धूर आपोआप विरतो. फार तर क्रँकच्या कप्प्याखालचा निचऱ्याचा बोल्ट काढून तें तेल आधींच वाहूं द्यावें. पण एवढा धीर कोणास असतो? ज्या दुकानीं गाडी जाते तेथें 'हाफ एंजिन' हा मंत्र तयारच असतो: हेड उतरवा, सिलिंडर उपसा, बोअर करा, नवा पिस्टन घाला. आणि पुढच्या खेपेस गाडी दीड महिना उभी राहिली, कीं नवा पिस्टन घातलेली तीच गाडी तसाच निळा धूर ओकते. पैसे गेले, मूळचा पिस्टन गेला, सिलिंडरचें थोडें आयुष्य गेलें; राहिला तो धूर.

खरोखरच रिंगा झिजल्या असतील तर? तेंही एंजिन न उघडतां बरेंचसें कळतें. प्लग काढून त्या जागीं दाब मोजण्याचें घड्याळ लावावें, किक मारून आंकडा टिपावा; मग त्याच भोंकांतून चमचाभर तेल आंत सोडून पुन्हां मोजावें. आंकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांजवळची. तसाच राहिला तर ती वरच्या बाजूची, बहुधा व्हॉल्व्हांजवळची, समजावी. व्हॉल्व्हांचीच असेल तर हेडखेरीज दुसऱ्या कशालाही हात लावण्याचें कारण उरत नाहीं. त्याआधींही पाहण्यासारखें पुष्कळ आहे. सिलिंडरच्या उजव्या अंगास खालीं एक लहान झांकण असतें. त्याच्या आंतील पुशरॉड, एंजिन थंड असतां, बोटांनीं सहज फिरले पाहिजेत, पण वरखालीं मुळींच हलतां कामा नयेत. ते फिरत नसतील, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं आणि दाब तेथूनच पळतो. तें पान्यांचें पांच-दहा मिनिटांचें काम आहे. प्लगचा रंग, पॉइंटांमधील अंतर, कार्बोरेटरच्या सांध्यांतून शिरणारी हवा, हीं आणखी तीन दारें. 'एंजिन बसलें' म्हणून टाहो फोडण्यापूर्वीं हीं दारें ठोठावून पाहावयास नकोत काय?

कोणी म्हणेल, "उघडून पाहिलें तर बिघडलें काय?" बिघडतें, आणि तें कसें, हेंच सांगण्यासाठीं हा प्रपंच. सिलिंडर ज्या नटांनीं खालच्या पेटीशीं जखडलेला असतो, त्यांपैकीं एक नट बाहेरून दिसत नाहीं. तो वर सांगितलेल्या पुशरॉडच्या झांकणाआड, आंतल्या कप्प्यांत लपलेला आहे. ज्याला हें ठाऊक नाहीं तो बाहेरचे नट काढतो, सिलिंडर उचलूं पाहतो, आणि तो उचलत नाहीं असें पाहून फटींत स्क्रूड्रायव्हर घालून हातोड्यानें ठोकूं लागतो. बीड ठिसूळ असतें. सिलिंडर थंड राहावा म्हणून त्याच्याभोंवतीं ज्या पट्ट्या ओतलेल्या असतात, त्यांचा एखादा तुकडा टणकन् उडतो, आणि तो कोणत्याही दुकानीं परत मिळत नाहीं. तीच गोष्ट उजव्या बाजूच्या टायमिंगच्या झांकणाची. आंत क्रँकच्या टोंकावर तेलाचे पंप फिरविणारा जो मळसूत्री नट आहे, त्याचे आटे उलटे आहेत. इतर सर्व नट ज्या दिशेनें सुटतात त्या दिशेनें यास पिळणारा मनुष्य त्यास अधिकाधिक आवळीत असतो, आणि नट सुटत नाहीं म्हणून पान्याला लांब पाइप लावतो. मग आटे तरी जातात, नाहींतर शाफ्टाचें टोंक तरी.

याहून वाईट नुकसान तें, जें बाहेरून दिसतच नाहीं. या एंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडांत रोलरचें बेअरिंग नसून एक मोकळें फिरणारें बुश आहे, आणि त्याचा जीव सर्वस्वीं तेलाच्या अखंड पुरवठ्यांत आहे. तें तेल टायमिंगच्या झांकणांतून क्रँकमध्यें शिरतें. त्या वाटेवर बुचाचें एक लहानसें सील असतें. झांकण काढलें कीं हें सील नवें घालावें, आणि झांकण बसविल्यावर पंप व तेलाच्या वाटा तेलानें भरून मगच गाडी सुरू करावी, असा नियम आहे. घाईनें झांकण काढून घाईनें बसविणारा हें सील चुरगळतो, किंवा कोरड्या वाटांनिशीं एंजिन धडधडवितो. बाहेरून गाडी झकास चालते; आंत बुश उपाशी मरत असतें. कांहीं दिवसांनीं खडखड सुरू झाली म्हणजे लोक म्हणतात, "जुनें एंजिन, किती टिकणार!" मारलें कोणी, आणि दोष कोणाच्या माथीं?

हा रोग केवळ आमच्याकडचा आहे असेंही नाहीं. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग यांचा 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हा १९७४ सालचा ग्रंथ इंग्रजी वाचणाऱ्या पुष्कळांच्या कपाटांत असतो. त्यांत एका अडकलेल्या एंजिनाची हकीकत आहे. कारागिरांनीं छन्नी-हातोड्यानें झांकण फोडलें, पट्ट्यांचा तुकडा उडविला, दुरुस्तीच्या खेपांवर खेपा घातल्या; आणि अखेरीस सांपडलें काय, तर तेलाच्या मार्गांतील पंचवीस सेंटांची एक तुटलेली पिन! पिनेपर्यंत पोंचण्यास विचार हवा होता. हातोडा तेथवर पोंचत नाहीं.

आतां बोअर करण्याविषयीं. सिलिंडरांतून कापून काढलेलें बीड परत येत नाहीं. पिस्टन मिळतात ते मूळच्या मापाहून वीस, चाळीस अशा सहस्रांश इंचांच्या पायऱ्यांनीं मोठे. प्रत्येक पायरीस सिलिंडरची भिंत पातळ होते, आणि या पायऱ्या मोजक्याच आहेत. झीज मोजण्याची रीत कांहीं अवघड नाहीं. सिलिंडर अधिक झिजतो तो वरच्या टोंकाजवळ, जेथून वरची रिंग परत फिरते तेथें; अगदीं खालीं, जेथें रिंग पोंचत नाहीं, तेथें मूळ माप बव्हंशीं शाबूत असतें. दोन्ही ठिकाणचीं मापें घेऊन वजाबाकी केली कीं झीज कळते, आणि ती मर्यादेंत असेल तर नव्या रिंगांवर भागतें. ही वजाबाकी न करितां बोअर करणें म्हणजे देव्हाऱ्यांतली मूर्ति काळवंडली म्हणून दर दिवाळीस ती तासून घेण्यासारखें आहे. चार दिवाळ्यांनंतर देव्हाऱ्यांत चकचकीत गोटा उरेल; त्यास देव कोणी म्हणावें?

येथें प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा येतो. "एंजिन उतरविण्याची मजुरी एकदां द्यावीच लागते, मग उघडल्यासारखें सगळेंच नवें करून टाकलें तर पुन्हां पाहावयास नको." हा मुद्दा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. एखाद्या भागापर्यंत जावें लागलेंच, तर त्या वाटेवरचीं पॅकिंगें व सीलें नवीं घालावीं, हें आम्हांसही मान्य आहे. तीं खर्ची पडण्यासाठींच केलेलीं असतात. क्रँकचा ठोका ऐकूं येत असेल, निचऱ्याच्या तेलांत धातूचा कीस चमकत असेल, तर तळापर्यंत उघडल्यावांचून गत्यंतरच नाहीं, आणि तेथें भिडस्तपणा करणारा मूर्ख. टू-स्ट्रोक जावा गाडीच्या क्रँकचें प्रायमरीकडील सील गेलें, आणि त्या बाजूचें तेल एंजिनांत ओढलें जाऊन धूर होऊं लागला, तर तें सील बदललेंच पाहिजे. परंतु 'वाटेवरचें' आणि 'सगळें' यांतील भेद या मंडळींच्या हिशेबांत नसतो. व्हॉल्व्ह घांसण्यासाठीं हेड उतरविलें; तेवढ्यावरून गीअरबॉक्सानें कोणता अपराध केला कीं त्यालाही फाडावें? त्यांतील चाकें चाळीस वर्षें दांत्यांत दांते घालून एकमेकांस सरावलेलीं असतात. त्यांतलें एक काढून तेथें नवें बसविलें तर तें जुन्या सोबत्याशीं कुरकुरतें, आणि मग त्या सोबत्यासही बदलावें लागतें. एका बदलांतून दुसरा, दुसऱ्यांतून तिसरा. मजुरी वांचविण्यासाठीं निघालेला मनुष्य अखेर गाडीच्या किमतीएवढा खर्च करून बसतो.

दुसरा पक्ष चकचकाटाच्या भक्तांचा. त्यांचें म्हणणें, नवा भाग केव्हांही जुन्याहून बरा. प्लुटार्कनें थीसियसच्या नौकेची गोष्ट सांगितली आहे: अथेन्सचे लोक तिच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले, आणि ही नौका तीच कीं दुसरी, यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. ते ग्रीक निदान फळी कुजेपर्यंत थांबत! आमचे लोक धडधाकट फळ्याही उपटून भंगारांत देतात. इंग्लंडांत हाच वाद जुन्या चर्चांविषयीं झाला. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं शेंकडों वर्षांच्या भिंती खरवडून नव्यासारख्या करण्याचा सपाटा चालला, तेव्हां विल्यम मॉरिस व त्याचे मित्र यांनीं १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. 'खरवडविरोधी' अशा अर्थाचें तिचें टोपणनांव प्रसिद्ध आहे. तिचें सांगणें सोपें होतें: रोजची निगा राखा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाहीं.

इतकें दूर तरी कशाला जावें? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेलें आणि १९६६ सालीं पुरें केलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम पाहा. १९२५ सालापासून विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं त्या कामाची धुरा वाहिली आणि त्यास शिस्त घालून दिली. श्लोक अडला कीं लेखणी उचलून तो 'सुधारावा', हा मोह त्यांनीं आवरला. हस्तलिखितांच्या साक्षीस धरून अर्थ लावावा. स्वतःच्या कल्पनेची दुरुस्ती अगदींच निरुपाय झाला तर करावी. आणि जो पाठ वर घेतला नाहीं तो तळटीपेंत जपून ठेवावा. एंजिनाच्या दुरुस्तींत ही तळटीप कोठें आहे? काढलेला पिस्टन, काढलेलें बुश, काढलेला पंप, यांची रवानगी थेट भंगारांत होते. आणि पन्नास वर्षांपूर्वीं कोणती धातु वापरली होती, कोणत्या मापाला घडविली होती, याची साक्ष देणारें घरांत कांहीं उरत नाहीं.

हा प्रश्न आतां केवळ अभिरुचीचाही राहिलेला नाहीं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें होऊन गेलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस त्यांत निराळा दर्जा आहे. पण अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि चासी, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. रिंगा बदलल्या म्हणून तो दर्जा जातो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हातोड्यानें एंजिनाची पेटीच तडकली आणि दुसरी आणावी लागली, तर तिच्यावर ठोकलेला एंजिनाचा क्रमांकही तिच्याबरोबर जातो, आणि नोंदणीपुस्तकांत आजोबांच्या नांवाखालचा तो आंकडा पोरका होतो.

याउलट दुसरें टोंक गांठणारेही आहेत. हातच लावूं नये, असें म्हणून ते गाडी कांचेआड ठेवतात. त्यांच्याशींही आमचें जमत नाहीं. एंजिन चालण्यासाठीं असतें. ज्यांतलें तेल वर्षानुवर्षें बदललें नाहीं, ज्याच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटल्या, त्या एंजिनास 'मूळ स्वरूप' म्हणणें ही थट्टा आहे. वेळींच काढलेला एक भाग पुढचे दहा वांचवितो. आमचा आग्रह एवढाच कीं तो एक कोणता, हें आधीं ठरावें.

आणि काढणें ही देखील एक विद्या आहे. काढतांना केलेल्या घाईचा दंड जोडतांना भरावा लागतो. गाडी स्वच्छ धुऊन मगच पाना लावावा, म्हणजे माती आंत जात नाहीं. प्रत्येक टप्प्यास फोटो घ्यावा. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतो, तो केवळ जेवणाचीं ताटें टिपण्यासाठीं नाहीं. नट व वायसर ज्या भागाचे असतील त्या भागाच्या डबींत, चिठ्ठी लावून ठेवावे. हेडचे नट समोरासमोरचे, आळीपाळीनें, थोडेथोडे सैल करावे, म्हणजे हेड वांकत नाहीं. सिलिंडर उचलतांच पेटीच्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबावें; नाहींतर पिस्टनच्या पिनेची सर्क्लिप उडून आंत पडते, आणि एवढ्याशा तारेसाठीं सर्व एंजिन उघडण्याची पाळी येते. पिन ठोकूं नये. गरम तेलांत भिजविलेल्या फडक्यानें पिस्टन शेकला कीं ती बहुधा हातानें सरकते. तापविलें असतां अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून पेटी नीट शेकली कीं बेअरिंग जागा सोडतें, आणि जेथें उष्णतेचें काम तेथें हातोडा चालविणारास कारागीर म्हणूं नये. डाव्या अंगाची प्रायमरी चेन अखंड असते. तेव्हां एंजिनकडचें चक्र व क्लच हीं दोन्ही एकदमच ओढावीं लागतात, आणि त्यासाठीं त्याचा पुलर लागतो. पुलर नसेल तर तो मिळेपर्यंत काम थांबवावें. थांबण्यांत कमीपणा कसला?

वाचक म्हणतील, हा सारा राग बिचाऱ्या मिस्त्र्यांवर. मुळींच नाहीं. लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक एंजिनाला व मूठ कानाला लावून आंतला ठोका कोठला आहे तें सांगणारे वृद्ध मिस्त्री आजही आपल्या गांवांतून आहेत. त्यांची विद्या कोण मारतो? आम्ही शिकलेलीं माणसें मारतों. दोन तास तपासून ज्यानें "हिला कांहीं झालेलें नाहीं, तेल सोडा आणि चालवा" असें सांगितलें, त्याच्या हातावर आपण काय ठेवतों? बहुधा एक कप चहा! आणि ज्यानें पोतेंभर नवे भाग घातले त्याचें हजारों रुपयांचें बिल मुकाट्यानें चुकवितों, वर चारचौघांत त्याची वाखाणणी करितों. डॉक्टरास तपासण्याची फी देतों, वकिलास सल्ल्याची देतों. मिस्त्र्यास मात्र सल्ल्याचे पैसे मागण्याची सोय नाहीं, त्यानें पोट भरावें तें भाग बदलूनच. मग त्यानें भाग बदलले तर तक्रार कोणत्या तोंडानें करावी? मालाला मोल आणि ज्ञानाला चहा, असा बाजार आपणच मांडला आहे, आणि त्या बाजारांत आजोबांचें एंजिन विकलें जात आहे.

म्हणून गाडी दुरुस्तीस देणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित गृहस्थास आमचें सांगणें आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आणि दोष न निघाला तरी ती पुरती द्यावी. कोणता भाग कां काढला, तें एका वहींत लिहून मागावें. आणि काढलेला प्रत्येक भाग, कितीही झिजलेला असो, तेल लावून, पेटींत घालून घरीं आणावा. पुढच्या पिढीस गाडीबरोबर ती वही आणि ती पेटी मिळाली, तर तिचें काम सोपें होईल. न मिळाली, तर आंत काय आहे हें पाहण्यासाठीं तिलाही एंजिन उघडावें लागेल. आणि पाहण्यासारखें तोंवर आंत कांहीं उरलेलें नसेल.